उद्याची गरज शून्य

वाघचौरे यांचा लॅपटॉप अकरा टक्क्यांच्या वर चार्ज होत नव्हता आणि हर्षदा गव्हाणेला त्यात काडीचाही दोष सापडत नव्हता.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या ‘ऊर्जिता सेल्स’ या कंपनीत अशा तक्रारी रोज यायच्या आणि खालच्या मजल्यावरच निकालात निघायच्या. ही एकच तक्रार तिसऱ्यांदा आली होती. सेवाकेंद्रातल्या लोकांनी हात टेकले आणि ती वर, हर्षदाच्या टेबलावर पाठवली. सोबत तक्रार करणारे गृहस्थही आले. पैठणला एका बँकेत अधिकारी, वय पन्नाशीच्या पुढे, कडक इस्त्रीचा शर्ट, बसण्याआधी खुर्ची हातानं झटकून घ्यायची सवय.

“मला काय, अकरा टक्के पुरतात मॅडम,” ते म्हणाले. “पण मुलीचा हट्ट. वॉरंटी आहे तर दाखवून घ्या म्हणते.”

हर्षदानं बॅटरी बाहेर काढून मोजली. सत्त्याण्णव टक्के तंदुरुस्त. चार्जर ठीक, तापमान ठीक. मग तिनं ग्राहकाला कधीच न दिसणारं आतलं पान उघडलं. त्यावर पुढच्या तीस दिवसांच्या वापराचा अंदाज एका रेषेनं काढलेला असे. वाघचौरे यांची रेषा सोमवार ते शनिवार जराशी वर, रविवारी खाली, अशी आळसावत चालली होती. दर आठवड्याला थोडी अधिक खाली. आणि एकोणीस मेपासून ती तळाला टेकली होती. त्यापुढच्या प्रत्येक तारखेसमोर एकच नोंद होती : उद्याची गरज शून्य.

“मे महिन्यात कुठे लांब जायचंय का तुम्हाला? मोठी सुट्टी वगैरे?”

वाघचौरे यांनी तिच्याकडे बघितलं. “असं दिसतं का त्यात?”

“म्हणजे मशीनला वाटतंय, तुम्ही लॅपटॉप उघडणारच नाही.”

ते हसले. चष्मा काढून डबीत ठेवला, डबी टक्कन बंद केली. “हुशार आहे तुमचं मशीन,” ते म्हणाले. “तुम्ही पूर्ण भरूनच द्या. घरात कुणाच्या तरी कामी येईल.”

हर्षदानं अंदाजाची सोय बंद केली, बॅटरी शंभर टक्क्यांपर्यंत भरायला लावली आणि अहवालात लिहिलं, ‘अंदाजात चूक.’ दुपारी जेवताना ती हे सगळं विसरूनही गेली.

चूक असणं तिला सहज पटलं, कारण ते यंत्र तिनंच घडवलं होतं आणि त्याच्या मर्यादा तिला ठाऊक होत्या.

बॅटरी म्हातारी का होते, हे ती नव्या इंजिनियरांना पहिल्या दिवशी शिकवायची. बॅटरीत लिथियमचे आयन दोन टोकांमध्ये ये-जा करतात. चार्ज करताना इकडून तिकडे, वापरताना तिकडून इकडे. प्रत्येक फेरीत थोडे वाटेत अडकतात. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ थर साचत जातो, नळाच्या तोटीवर क्षार साचतात तसा, आणि त्या थरात गेलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. पूर्ण भरलेली, तापलेली आणि नुसती पडून राहिलेली बॅटरी सगळ्यांत लवकर संपते. लोक नेमकं तेच करतात. शंभर टक्के भरतात आणि दिवसभर चार्जरला लावून ठेवतात. मग तीन वर्षांत बॅटरी टाकाऊ होते.

उपाय साधा होता. लागेल तेवढंच भरायचं आणि लागायच्या थोडंसं आधी भरायचं. पण त्यासाठी उद्या किती लागेल हे आज कळायला हवं. म्हणून हर्षदाच्या गटानं ‘दीर्घायू’ बनवली. बॅटरीतच बसणारी, नखाएवढी चिप. ती तुमच्या फायली वाचत नसे, कॅमेऱ्यातून बघत नसे. ती फक्त वीज किती वाहते हे सेकंदाला हजारदा मोजायची. पण एक कळ दाबली की विजेत एक बारीक लाट उठते. फोटो उघडला की वेगळी, व्हिडिओ कॉल लावला की वेगळी. त्या लाटांवरून चिप आपल्या माणसाची चाल शिकायची. आणि महिन्यातून एकदा, स्वतःकडची माहिती न देता फक्त शिकलेला धडा इतर चिपांना सांगायची. चार लाख बॅटऱ्यांचं शहाणपण असं एकेका बॅटरीत उतरायचं. ग्राहकानं संमती दिली असेल तरच त्याची पूर्ण नोंद कंपनीकडे यायची.

तीन वर्षं चालणारी बॅटरी बारा वर्षं चालू लागली. कंपनीनं पेढे वाटले.

*

जूनच्या दोन तारखेला वाघचौरे यांची मुलगी आली. ऋतुजा नाव, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. खाली कुणीतरी तिला सांगितलं होतं की, तुमच्या वडिलांचा लॅपटॉप गव्हाणे मॅडमनी बघितला होता.

“बाबांची वॉरंटी माझ्या नावावर करायचीय,” तिनं अर्ज पुढे केला. “बाबा वारले. वीस मेला.”

हर्षदानं पेन खाली ठेवलं.

“कशानं?”

“स्वादुपिंडाचा कॅन्सर. त्यांना फेब्रुवारीतच कळलं होतं. आम्हाला कुणाला बोललेच नाहीत. माझी परीक्षा होऊन जाऊ दे, असं असेल त्यांच्या मनात. फाईल बँकेतल्या खणात सापडली.” ऋतुजा सरळ बसून, पाठ केल्यासारखं बोलत होती. “शेवटच्या दिवसापर्यंत कामावर जात होते, मॅडम. एकोणीसला दुपारी चक्कर येऊन पडले. दवाखान्यात नेलं, ते परत आलेच नाहीत.”

ती गेल्यावर हर्षदानं दार लावून घेतलं आणि त्या बॅटरीची फेब्रुवारीपासूनची नोंद काढली. कॅन्सर काही चिपला कळला नव्हता. तिला लाटा कळल्या होत्या. पडदा उजळलेला, पण एकही कळ न दाबता गेलेली वीस-वीस मिनिटं. बहुधा जुने फोटो. मग छोटी छोटी कामं, एकापाठोपाठ एक संपवलेली. नवीन काहीच सुरू केलेलं नाही. अक्षरांमधल्या विश्रांती लांबत गेलेल्या. टेबल आवरून ठेवणाऱ्या माणसाची चाल. चिपला मरण माहीत नव्हतं, तिला एवढंच शिकायला मिळालं होतं की, ज्या लॅपटॉपची चाल अशी होते तो काही आठवड्यांनी उघडला जात नाही.

आणि ही गोष्ट ती कुणाकडून तरी शिकली होती. म्हणजे वाघचौरे पहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तांबोळी सरांच्या केबिनमध्ये उभी होती. डॉ. फिरोज तांबोळी संशोधन विभागाचे प्रमुख. पंधरा वर्षांपूर्वी तिला पहिली नोकरी त्यांनीच दिली होती.

“एक माणूस, एक तारीख,” ते म्हणाले. “यावरून काहीही सिद्ध होत नाही, हर्षदा.”

“म्हणून मी बाकीचे रात्रभर वॉरंटीच्या अर्जांशी ताडून बघितले, सर. ज्यांनी माहिती द्यायला संमती दिली आहे तेवढेच. गेल्या वर्षभरात एकसष्ट रेषा शून्याला टेकल्या. अडतीस जणांनी नवीन लॅपटॉप घेतला, नोकरी बदलली, परदेशी गेले. नऊ जणांचं काही कळत नाही.”

“आणि राहिलेले चौदा?”

“अकरा वारले. दोघं अतिदक्षता विभागात गेले. एक बाई घरातून निघून गेल्या, अजून सापडल्या नाहीत.”

तांबोळी उठले, दार नीट लागलंय का बघितलं आणि परत येऊन बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. “हे कुणाला बोललीस?”

“नाही.”

“बोलूही नकोस. आपण बॅटऱ्या बनवतो. ही रेषा बाहेर गेली तर उद्या विमा कंपनी दारात उभी राहील. परवा कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी मालक. माणूस जिवंत असताना त्याच्याकडे गेलेला म्हणून बघतील.” त्यांनी कॅलेंडर ओढून घेतलं. “सोळा तारखेला संध्याकाळी पाच वाजता सगळ्या बॅटऱ्यांत नवीन प्रणाली जाते आहे. तिच्यात मी अंदाजाची मुदत तीस दिवसांवरून एका दिवसावर आणतो. बॅटरी टिकवायला तेवढं पुरतं.”

“म्हणजे ही रेषाच उरणार नाही.”

“म्हणजे आपल्याला माहीत असणार नाही. जे माहीत नाही, त्याची जबाबदारी येत नाही.”

ते चूक बोलत होते असं हर्षदाला छातीठोकपणे म्हणता येईना. ती आपल्या टेबलाशी परत आली. स्वतःच्या मनाची समजूत काढायला तिनं आधी आपली रेषा उघडली. ती व्यवस्थित वर-खाली होत तीन जुलैपर्यंत गेली होती. नवऱ्याची पाहिली. तीही. मग तिच्या नावावर असलेला तिसरा लॅपटॉप. कंपनीच्या सवलतीत घेऊन, संमतीची सही स्वतःच करून, तिनं धाकट्या भावाला दिलेला.

मुकुंदची रेषा चौदा जूनला तळाला टेकली होती.

*

मुकुंद छत्तीस वर्षांचा. लातूरला मेडिकल प्रवेशाच्या एका खासगी क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचा. लहानपणी एवढा बडबडा की, घरात सगळे त्याला मुद्दाम मुक्या म्हणायचे. लग्न झालं, दोन वर्षांत मोडलं, त्याचेही विनोद करून सांगायचा. दर रविवारी बहिणीला फोन ठरलेला. गेल्या रविवारीही झाला होता आणि तो दहा मिनिटं फक्त आंब्यांबद्दल बोलला होता.

हर्षदानं लगेच फोन लावला.

“बोल ताई. कामाच्या वेळेला आठवण?”

“काही नाही रे. तू नवीन लॅपटॉप घ्यायलास का? आमच्याकडे योजना आलीय.”

“कशाला? तुझा आहे की. मस्त चालतोय.”

“नोकरी? बदलायचं वगैरे काही डोक्यात?”

“आता बदलून काय करायचंय?” तो हसला. हसणं नेहमीचं होतं. “का गं? काय झालं?”

“काही नाही. जेवलास का?”

“जेवलो,” तो म्हणाला, आणि नेहमीसारखं काय जेवलो ते सांगितलं नाही.

अडतीस जणांमध्ये बसायच्या वाटा बंद झाल्या होत्या. फोन ठेवल्यावर तिनं त्याची नोंद उघडली. असं करू नये हे तिला कळत होतं. पहाटे तीन, साडेतीन, चारला उजळलेला पडदा. गेले आठ महिने. व्हिडिओ शिकवणीचे तास सोडले तर कळाच नाहीत. आणि गेल्या पंधरवड्यात ती छोटी छोटी, संपवून टाकलेली कामं.

चार जूनला उजाडताच ती गाडी घेऊन निघाली. नवऱ्याला सांगितलं, मुकुंदला बरं वाटत नाहीये. खोटं म्हणावं तर तेही नव्हतं. बीड मागे पडलं, अंबाजोगाईचा घाट आला. आभाळ भरून होतं आणि वारा बंद होता. सगळ्या वाटेत ती एकच वाक्य जुळवत होती आणि ते जुळत नव्हतं. तुझी बॅटरी म्हणते की. तुझ्या बॅटरीला वाटतं की.

औसा रोडवर दुसऱ्या मजल्यावर त्याच्या दोन खोल्या होत्या. दार त्यानंच उघडलं. “अगं, सांगून तरी यायचं! घरात दूध नाही.”

घर स्वच्छ होतं. मुकुंदच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. आता भिंतीवरची फडताळं रिकामी होती.

“पुस्तकं कुठं गेली?”

“वाटून टाकली पोरांना. धूळ खात पडली होती.” तो स्वयंपाकघरात गेला. “कोरा चहा चालेल ना?”

टेबलावर लॅपटॉप होता आणि त्याच्या शेजारी प्लॅस्टिकच्या तीन फायली, एकावर एक, कडा जुळवून ठेवलेल्या. प्रत्येकीवर त्याच्या मास्तरी अक्षरात लिहिलेली चिठ्ठी. हर्षदानं बोटानं सरकवून वाचलं. ‘घरमालक.’ ‘बँक व विमा.’ तिसऱ्या फाईलवर नुसतं ‘ताई’ लिहिलं होतं.

तिनं ती उघडली नाही. फायलींच्या कडा पुन्हा जुळवून ठेवल्या.

मुकुंद दोन कप घेऊन आला.

“मुकुंद, चौदा तारखेला काय आहे?”

कप बशीत वाजला. थोडा चहा सांडला. त्यानं कप खाली ठेवले, फडकं आणलं, टेबल पुसलं, फडकं पिळून परत जागेवर टाकलं. मगच बसला.

“चौदा तारखेचं तुला काय ठाऊक?”

तिनं सांगितलं. चिप, लाटा, रेषा, वाघचौरे. सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती. मुकुंदचा चेहरा आधी कोरा राहिला, मग लाल झाला.

“म्हणजे आठ महिने मी कधी उठतो, किती वेळ पडदा बघत बसतो, हे सगळं तू बघत होतीस?”

“कालच बघितलं. पहिल्यांदा.”

“पण दिसत होतं! दिलेला लॅपटॉप आणि आत पहारेकरी बसवलेला. मला वाटायचं, निदान इथं तरी मला कुणी बघत नाही.” तो उठून खिडकीशी गेला. “जा तू. गाडी काढ आणि जा. मला काही झालेलं नाही.”

हर्षदा उठली नाही. एक चुकीचा शब्द, आणि हे दार कायमचं लागेल. पण न बोलणं त्याहून वाईट होतं.

“मी सरळ विचारते,” ती म्हणाली. “तू जीव द्यायचा विचार करायलास का?”

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं. ती तीनदा बंद पडली. चौथ्यांदा सुरू होऊन निघून गेली. मुकुंद खिडकीशी पाठमोरा होता. मग त्यानं मान हलवली, वर-खाली, एकदाच.

हर्षदानं टेबलाची कड धरून ठेवली.

“समीक्षा म्हणून एक मुलगी होती माझ्या वर्गात,” तो खिडकीकडे बघतच बोलू लागला. “अहमदपूरकडची. पहिल्या बाकावर बसायची. सराव परीक्षेत मार्क पडले नाहीत. मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो, समीक्षा, बीएस्सीचा फॉर्म भरून ठेव. पोरं हसली. मीपण हसलो. मी असं सगळ्यांनाच म्हणायचो ताई. हसून अभ्यासाला लागतात.” त्याचा आवाज बसला. “गेल्या वर्षी चौदा जूनला निकाल होता. निकाल लागायच्या आधीच ती गेली. घरच्यांना वहीत सापडलं. आईवडिलांची माफी मागितली होती. आणि खाली लिहिलं होतं, सरांचं बरोबर होतं.”

“हे तू कुणाला बोललास?”

“तिचा बाप मला भेटायला आला होता. मला वाटलं, मारेल. त्यानं माझे हात धरले. म्हणाला, सर, तुम्ही लई कष्ट घेतले पोरीसाठी. मी त्याला सांगितलं नाही. मी गप्प बसलो, ताई.”

हर्षदा त्याच्याजवळ गेली. तुझी चूक नाही, असं म्हटलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं, आणि ते पुरतं खरंही नव्हतं. ती नुसती त्याच्या शेजारी उभी राहिली, दंडाला धरून. मग म्हणाली, “माझ्याबरोबर घरी चल. आज. कपडे मी भरते.”

“आणि क्लास?”

“क्लासला मी फोन करते. तू फक्त चप्पल घाल.”

त्याचा राग गेला नव्हता. तो चप्पल घालून जिना उतरला, पण अंबाजोगाईपर्यंत एक शब्द बोलला नाही. हर्षदा एक डोळा रस्त्यावर आणि एक त्याच्या बाजूच्या दारावर ठेवून गाडी चालवत राहिली.

*

त्यानंतरचे दहा दिवस हर्षदा आयुष्यात विसरणार नव्हती. तिनं रजा टाकली. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनी औषधं सुरू केली आणि एकट्याला ठेवू नका असं बजावलं. मुकुंद निमूटपणे गोळ्या घ्यायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. न्हाणीघरात पाण्याचा आवाज थांबला की, हर्षदाचा जीव टांगणीला लागायचा. तिच्या नवऱ्यानं, श्रीकांतनं, न बोलता घरातल्या सगळ्या आतल्या कड्या काढून टाकल्या. मुकुंदनं ते बघितलं. “आता तुम्ही दोघं माझी बॅटरी झालात,” तो म्हणाला. दहा दिवसांतलं त्याचं हे सगळ्यांत लांब वाक्य.

हर्षदा दिवसातून चार वेळा त्याची रेषा उघडायची. आता काहीतरी बदललं असेल, चौदा तारखेच्या पलीकडे एखादी तरी छोटी उभारी दिसेल. रेषा तशीच होती. मग एका सकाळी तिच्या लक्षात आलं की, ती बदलणारच नाही. लॅपटॉप लातूरहून आणलेल्या पिशवीत बंद होता. मुकुंद त्याला हातही लावत नव्हता. चिपला माणूस दिसत नव्हता, न वाहणारी वीज तेवढी दिसत होती. जगायचं ठरवलेला मुकुंद आणि न ठरवलेला मुकुंद, दोघंही तिच्या लेखी सारखेच.

म्हणजे आता तिच्याजवळ कुठलंच यंत्र नव्हतं. समोर बसलेल्या भावाचा चेहरा होता, आणि तो तिला वाचता येत नव्हता.

चौदा तारखेला सकाळी मुकुंद म्हणाला, मला समीक्षाच्या वडिलांना फोन करायचाय. डॉक्टरांना विचारून, त्यांच्याच दवाखान्यात बसून त्यानं तो केला. हर्षदा बाहेरच्या बाकावर होती. आतून आधी त्याचा आवाज आला, मग कितीतरी वेळ काहीच नाही, मग रडणं. कोण रडतंय हे कळेना. फोनचा आवाज मोठा होता. पाऊण तासानं तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते.

“काय म्हणाले?”

“फोन ठेवला त्यांनी.” तो बाकावर बसला. “मग परत त्यांनीच लावला.”

पुढे त्यानं काही सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. त्या रात्रीनंतर सकाळ झाली. मुकुंदनं पोहे मागून घेतले.

पंधरा तारखेला हर्षदानं शेवटचं म्हणून ते पान उघडलं. मुकुंदच्या बॅटरीपुढे चिपनं स्वतःच नोंद करून ठेवली होती : ‘वापर शून्य. अंदाज बरोबर.’ आणि हा धडा महिनाअखेरीस चार लाख बॅटऱ्यांना मिळणार होता. किती जणांच्या बाबतीत असं झालं असेल? कुणीतरी वेळेवर पोचलं असेल, आणि यंत्रानं त्यालाही मेलेल्यांत धरलं असेल. आणि किती जणांच्या बाबतीत कुणीच पोचलं नसेल?

तिनं दुसरं पान उघडलं. संमती दिलेल्या ग्राहकांपैकी पुढच्या तीस दिवसांत ज्यांची रेषा तळाला टेकते असे लोक. मुकुंद सोडून सात होते. ही यादी तीन तारखेपासून तिच्या हाताशी होती. इतके दिवस तिनं फक्त एकच रेषा बघितली होती.

*

सोळा तारखेला दुपारी तिनं घरूनच सातही फोन नंबर कागदावर उतरवून घेतले. वॉरंटीच्या नोंदीतून नंबर काढणं हा करारभंग होता. तांबोळी सरांना कळलं तर त्यांना तिला काढावंच लागलं असतं. पाच वाजता पान आपोआप बंद झालं आणि पुन्हा उघडलं तेव्हा प्रत्येक नावापुढे फक्त उद्याची तारीख होती. आता असे कागद निघणार नव्हते. उद्या कुणाची रेषा खाली गेली तर ती कुणालाही दिसणार नव्हती.

तिनं पहिला नंबर फिरवला. “मी ऊर्जिता सेल्समधून बोलतेय. तुमच्या बॅटरीच्या अंदाजानुसार...” पलीकडच्या बाईंनी फोन ठेवून दिला. दुसऱ्यानं ऐकून घेतलं आणि मोठ्यानं हसला. “अहो, कंपनीनं नवीन लॅपटॉप दिलाय मॅडम. जुना पडलाय माळ्यावर.” तिसरा फोन लागला नाही.

मुकुंद दिवाणावर बसून हे ऐकत होता.

“तू बॅटरीबद्दल बोलायलीस,” तो म्हणाला. “कोण ऐकणार?”

“मग काय बोलू? मला भीती वाटते रे. एखादा शब्द चुकला तर?”

“मी पण चुकलोय,” तो म्हणाला आणि हात पुढे केला. “दे इकडे.”

तिनं डॉक्टरांचा विचार केला. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग कागद आणि फोन दोन्ही त्याच्याकडे दिले आणि खुर्ची ओढून अगदी त्याला लागून बसली.

चौथा नंबर. नाव सुधाकर ढेपे, वय सत्तेचाळीस, गाव परतूर. घंटी वाजत राहिली. अकराव्या घंटीला कुणीतरी फोन उचलला.

“ढेपे साहेब का? मी मुकुंद बोलतोय. लातूरला मास्तर आहे. तुम्ही मला ओळखत नाही.” त्यानं श्वास घेतला. “तुमच्या लॅपटॉपवरून तुमचा नंबर मिळाला. पण मला लॅपटॉपचं काही विचारायचं नाही. दोन आठवड्यांपूर्वी माझी सगळी आवराआवर झाली होती, साहेब. फायलींवर नावंसुद्धा टाकून झाली होती. तुमचंही तसंच चाललंय का, एवढंच विचारायला फोन केला. नसेल तर मला शिव्या घाला आणि ठेवून द्या.”

पलीकडे पंखा घरघरत होता. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. माणूस बोलत नव्हता, पण फोनही ठेवत नव्हता.

“मास्तर,” शेवटी एक जड, दबका आवाज आला, “जरा थांबता का? घरात सगळी आहेत.”

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. चपला फरशीवर घासत लांब गेल्या. दार लागलं. कडी सरकली. मग काहीच नाही.

मुकुंदनं फोन कानाशी घट्ट धरला होता. हर्षदानं त्याचं मनगट पकडलं. माणूस आत आहे की बाहेर गेला, दार कुठल्या बाजूनं लागलं, काही कळायला मार्ग नव्हता. दहा सेकंद गेले, वीस गेले.

“साहेब?” मुकुंद हळूच म्हणाला. “मी आहे हं. मी फोन ठेवत नाही.”

पंखा घरघरत राहिला. मग चपलांचा आवाज जवळ आला, खाट करकरली, आणि पलीकडच्या माणसानं फोन उचलून कानाला लावला.

“हं,” तो म्हणाला. “बोला.”